विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत, आमचा अनुभव

मावशीची चेन दादरला खेचली, वय 68, मान सोलवटलेली, आणि चौकीत काय सांगितलं तर म्हणे आमच्या हद्दीत येत नाही! रात्रभर ती गळ्याला हात लावून बसलेली. दुसऱ्या दिवशी विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) 15100 या हेल्पलाइनला फोन लावला आणि तिथून मार्ग सापडला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे, हे आम्हाला कुठे माहीत होतं.

वकील मॅडम आल्या, त्यांनी पहिलं विचारलं, "मावशी, पाणी हवंय का? सावकाश सांगा, घाई नाही." तेवढ्यानेच तिला रडू फुटलं. मग नीट समजावलं, की झीरो एफआयआर, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो, कॉपी फुकट मिळते, 90 दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनी कळवायचं, आणि साठीच्या पुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, घरी येऊन घेतात.

तसंच झालं, जबाब आमच्या घरी झाला. फक्त कागदपत्रांसाठी प्राधिकरणाच्या ऑफिसात दोन चकरा झाल्या, बसायला एकच बाकडं, म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या हव्यातच. चेन अजून मिळाली नाही, पण मावशी परत एकटी भाजीला जायला लागलीय. माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार.