ईजीए कार्डावरचं २५६ केबीचं लेबल

जुने पीसी जमवणाऱ्यांनी हे वाचावं. ईजीए म्हणजे जुन्या पीसीत बसवायचं, मॉनिटरवर रंगीत चित्र दाखवणारं कार्ड. 'ईजीए कार्ड, पूर्ण २५६ केबी, चालू स्थितीत' अशी जाहिरात पाहून मी एक कार्ड मागवलं. सोबतच्या फोटोत स्क्रीनभर सोळा रंगांची अक्षरं होती. कार्ड बसवल्यावर ती तशीच दिसलीही. पण ६४० बाय ३५० चं चित्र लावलं की रंग चारच!

गोम अशी आहे. १९८४ साली आयबीएमने ईजीए आणलं, तेव्हा मूळ कार्डावर ६४ केबीच मेमरी होती. वाढीव मेमरी वेगळी घ्यावी लागे. ६४० बाय ३५० म्हणजे २,२४,००० ठिपके. सोळा रंगांसाठी दर ठिपक्याला चार बिट, म्हणजे १,१२,००० बाइट. ६४ केबीत हे मावणार कुठून? ६४० बाय २०० ला मात्र ६४,००० बाइट पुरतात, म्हणून तिथे सोळाही रंग मिळतात. नुसत्या अक्षरांना तर त्याहून कितीतरी कमी लागतं. विक्रेत्याने फोटो बरोब्बर अक्षरांचाच टाकला होता.

मेमरी चिपांवर '२५६ के' छापलेली कोरी करकरीत लेबलं होती. सोलली, तर खाली नंबर ४४१६. अशी एक चिप ८ केबीची, आठ मिळून ६४. २५६ केबीसाठी आठ चिपा ४४६४ च्या हव्यात, त्या प्रत्येकी ३२ केबीच्या. दोन्हींना पाय अठराच. नंबर झाकला की फोटोवरून काय कळणार, कपाळ!

तक्रार केली, तर उत्तर आलं, "ईजीए ते ईजीए. आयबीएमचं मूळ कार्डही ६४ चंच होतं." हे खरं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. ६४ केबीचं म्हणून विकलं असतं तर कदाचित घेतलंही असतं. मग लेबलं कशाला चिकटवली? यावर गप्प. पैसेही परत नाहीत.

आता तोच माणूस 'ईजीए मॉनिटर' विकतोय. प्लगच्या भरवशावर राहू नका, एमडीए (त्याआधीचं एकरंगी कार्ड), सीजीए (त्याआधीचं रंगीत कार्ड), ईजीए तिघांनाही नऊ पिनांचाच असतो. सीजीए मॉनिटरचा ओळी काढायचा वेग १५.७ किलोहर्ट्झ, ईजीएच्या ३५० ओळींना साधारण २१.८ लागतात. चुकीची जोडी लावली तर जुना मोनोक्रोम मॉनिटर बिघडूही शकतो. मी त्याच्याकडे ३५० ओळींच्या चित्राचा फोटो मागितला. तेव्हापासून त्याचं उत्तर नाही, जाहिरात मात्र चालू आहे.