दूरच्या सर्व्हरवर अपडेट: कॉन्फिग फाइल जपावी की दरवेळी नव्याने लिहावी?

जळगाव, चोपडा, शहादा इकडच्या जिनिंग आणि दालमिलमधले डेबियन लिनक्सवर चालणारे काही सर्व्हर मी घरून सांभाळतो. अपडेट करताना ईटीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलींचं काय करायचं, याचे दोन्ही रस्ते वापरून झालेत. एक, डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला 'कॉन्फडेफ' आणि 'कॉन्फओल्ड' हे पर्याय देऊन आपली फाइल जपायची. दुसरा, अन्सिबल या अनेक मशीनं एकदम सांभाळणाऱ्या साधनाच्या टेम्प्लेटमधून, म्हणजे साच्यातून, ती दरवेळी लिहून काढायची.

पहिल्यात एक गैरसमज नडतो. 'डेबियन फ्रंटएंड' हे व्हेरिएबल 'नॉनइंटरॅक्टिव्ह' केलं की सगळे प्रश्न थांबतात असं वाटतं, पण त्याने थांबतात ते डेबकॉन्फचे, म्हणजे पॅकेज बसवताना सेटिंग विचारणाऱ्या प्रोग्रामचे. फाइल बदललेली दिसली की नवी फाइल घ्यायची की जुनी ठेवायची, हा आपला वाय-एन-डी-झेडचा प्रश्न डीपीकेजी विचारतोच, आणि नेमकं तेव्हा नेट गेलं तर अपडेट अर्ध्यावर लटकतं. कॉन्फओल्ड लावल्यावर आपली फाइल राहते, नवी तिच्याशेजारी डीपीकेजी-डिस्ट शेपटी लावून पडते. ती वाचायची तसदी मात्र आपणच घ्यायची.

एकसारखी दहा-वीस मशीनं असतील तर अन्सिबलला तोड नाही, हे मान्य. त्याचं पॅकेज बसवणारं एपीटी मॉड्यूलही हेच दोन पर्याय आपणहून लावतं.

माझं मन फिरलं ते एका हंगामात. एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर बदलला. फोनवर बोलत बोलत सांबाच्या (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत, कुणाला आत घ्यायचं ते सांगणाऱ्या 'होस्ट्स अलाऊ'च्या ओळीत त्याचा नवा आयपी मी हातानेच घातला, टेम्प्लेटमध्ये घालायचा राहिला. संध्याकाळी अन्सिबलचा प्लेबुक (कामांची यादी) चालला, ओळ पुसली गेली. मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, काटा बंद शे, गाड्या उभ्या शेतस." कापसाच्या गाड्या फाटकाबाहेरपर्यंत लागल्या होत्या. चूक माझीच, 'चेक' आणि 'डिफ' हे पर्याय लावून काय बदलणार ते आधी बघता आलं असतं. पण ज्या गावांत अशी हातची दुरुस्ती कधीही करावी लागते, तिथे न विचारता पुसणारं साधन मला जड जातं.

म्हणून आता माझा कल पहिल्याकडे आहे, जोडीला ईटीसीतल्या बदलांची नोंद ठेवणारा एटकीपर. अपडेटच्या आधी आणि नंतर ईटीसीचा गिट कमिट, म्हणजे त्या घडीच्या फाइलींची नोंद, आपोआप होतो. जमेल तिथे मूळ फाइलीला हातच लावत नाही. एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या, सेटिंग एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवतो. एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) पहिली सापडलेली किंमत धरतो आणि डेबियनमध्ये हा फोल्डर ओढून घेणारी इन्क्लूडची ओळ मुख्य फाइलीत वरच असते, त्यामुळे आपलंच चालतं. सांबाची मुख्य फाइल मात्र डीपीकेजीच्या नाही, यूसीएफ या वेगळ्या प्रोग्रामच्या ताब्यात, तिला 'यूसीएफ फोर्स कॉन्फ-ओल्ड' हे व्हेरिएबल वेगळं द्यावं लागतं.

मोठ्या उडीला, म्हणजे डेबियनची आवृत्तीच बदलताना, हे पुरत नाही. डेबियन 13 मधला डोव्हकॉट 2.4 हा मेलचा प्रोग्राम जुन्या 2.3 च्या फाइलीवर उठतच नाही, तिथे फाइल नव्याने लिहावीच लागते. मेल सर्व्हर बरेच असतील तर अन्सिबलच बरं पडेल. माझ्याकडे मेल एकाच ठिकाणी आहे. बाकी सगळीकडे दसऱ्याआधी, काटा सुरू व्हायच्या आत, डिस्ट शेपटीच्या फाइली शोधून एकेक वाचून काढतो.