मॅक्शेनचा बायबल-वाचन तक्ता: रोज चार अध्याय, मग प्रार्थनेला वेळ कुठला?

वर्षभरात बायबल वाचून काढायच्या योजना पुष्कळ निघतात आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचता पोहोचता बंद पडतात. मॅक्शेन तक्ता मात्र 180 वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या सेंट पीटर्स मंडळीचे (चर्चचे) पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी तो 1842 च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी, पुढच्या वर्षाकरता बनवला. 25 मार्च 1843 ला, वयाच्या 29व्या वर्षी ते गेले, तेव्हा तक्ता निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटाजवळ होता. आज तो छापील पानावर मिळतो, यूव्हर्जनसारख्या मोफत ॲपवरही आहे.

रचना अशी. दिवसाला चार रकाने, प्रत्येकात बहुधा एक अध्याय. पहिले दोन रकाने कुटुंबाने मिळून वाचायचे, उरलेले दोन एकांतात. वर्षाअखेर नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होतात, बाकीचा जुना करार एकदा. बायबलचे अध्याय 1189; दुसऱ्या फेरीचे धरून बेरीज 1599 होते. म्हणजे दिवसाला चारपेक्षा थोडे जास्त, म्हणून काही दिवशी दोन छोटे अध्याय एकत्र येतात. मोठ्याने वाचलं तर एकूण साधारण 20 मिनिटं लागतात.

तक्त्याची हुशारी सुरुवातीतच दिसते. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1: जगाचा आरंभ, सुवार्तेचा आरंभ, बंदिवासातून परतण्याचा आरंभ, मंडळीचा आरंभ. दुसरी सोय एप्रिलमध्ये कळते. यज्ञपशू, चरबी, कुष्ठरोगाचे नियम असं लेवीय सुरू झालं की शेजारच्या रकान्यात स्तोत्रं येतात. सरळ उत्पत्तीपासून वाचत गेलेला माणूस इथे हमखास अडकतो. या तक्त्यात त्याच दिवशी प्रार्थनेचे शब्द हाताशी असतात.

एक दिवस जवळून पाहू. 11 जानेवारी: उत्पत्ती 12, मत्तय 11, नहेम्या 1, प्रेषितांची कृत्ये 11. अब्राम देश सोडून निघतो. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ ही हाक मत्तयाच्या अध्यायाच्या शेवटी आहे. अंत्युखियात शिष्यांना प्रथमच ख्रिस्ती हे नाव मिळतं. आणि नहेम्याची प्रार्थना, जिच्यासाठी हा दिवस राखून ठेवावा. पाचव्या वचनात देवाची थोरवी. सहाव्या-सातव्यात पापकबुली, तीही ‘त्या लोकांनी’ अशी नाही. मी आणि माझं घराणं यांनी पाप केलं, असं तो म्हणतो. आठ ते दहात देवाला त्याच्याच वचनाची आठवण. मागणं अगदी शेवटी, अकराव्या वचनात, तेही एकच: आज या माणसाची (म्हणजे राजाची) माझ्यावर मर्जी बसू दे. आपल्या प्रार्थनांत हा क्रम बरोबर उलटा असतो. वहीच्या पानावर हे चार भाग आखून त्यात आपले शब्द भरले, तर तीच सकाळची प्रार्थना होते.

आणि इथेच तक्त्याचा मुख्य दोषही उघडा पडतो. नहेम्याचा पहिला अध्याय किसलेव या यहुदी महिन्यात घडतो, दुसरा नीसान महिन्यात. मध्ये साधारण चार महिन्यांची वाट पाहणं आहे. तक्ता मात्र 12 जानेवारीला नहेम्या 2 समोर ठेवतो. नहेम्याने चार महिने धरून ठेवलेली विनंती वाचक एका रात्रीत ओलांडून जातो. शास्त्राचा नकाशा डोक्यात बसवण्यासाठी हा वेग उत्तम आहे. पण देवाशी नातं दृढ व्हायला थांबावं लागतं, आणि थांबण्यासाठी या तक्त्यात एकही रकाना नाही. वाचन हेच प्रार्थनेचं काम उरकतं, हा त्याचा सर्वांत मोठा धोका. मॅक्शेन यांना तो दिसला होता. सोबतच्या पत्रात त्यांनी चार धोके स्वतःच नोंदवले: नुसती औपचारिकता, स्वतःच्या नीतिमत्त्वाचा अभिमान, निष्काळजी वाचन आणि न पेलणारं जू. ॲपवर बहुधा हे पत्र नसतं, वाचल्याची खूण तेवढी असते.

त्यामुळे तक्ता जसाच्या तसा घेऊ नये. चालणारी पद्धत अशी: तीन अध्याय साध्या गतीने वाचा, वहीत काही लिहू नका. चौथा, म्हणजे एकांताच्या रकान्यातला दुसरा, हळू वाचा. त्यातली सहा ते दहा वचनं निवडा आणि दोनदा ओठांनी वाचा. ज्या वचनावर मन अडकेल ते हाताने उतरवा. मग त्याच वचनाचे शब्द घेऊन देवाशी बोला: स्तुती, कबुली, उपकार, मागणं, यांतलं जे वचनात असेल तेच. वचनात इशारा असेल तर त्यातून ओढूनताणून आशीर्वाद काढू नये. शेवटी पाच मिनिटं काहीही न बोलता बसा. पहिल्या आठवड्यात ही पाच मिनिटं फार लांब वाटतात, मन कामांच्या यादीकडे पळतं. आठवलेलं काम कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा आणि परत वचनाकडे या. वाचनाला 20 आणि या भागाला 15 मिनिटं धरा. एवढा वेळ नसेल तर वाचन कापा, प्रार्थना कापू नका.

राहिलेले अध्याय, हे तक्ता सोडून देण्याचं दुसरं मोठं कारण. पाच दिवस चुकले की वीस-बावीस अध्याय साचतात, आणि शनिवारी बसून ते उरकणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही. चुकलेले दिवस सोडून आजच्या तारखेवर यावं. दुसऱ्या फेरीत नवा करार आणि स्तोत्रं पुन्हा भेटतातच. नोव्हेंबरात ‘1 इतिहास’ या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय जवळजवळ नावांचेच आहेत. तिथे भरभर नजर फिरवली तरी पाप लागत नाही.

छापील पान की ॲप? एकांतासाठी छापील. ॲपमध्ये ऐकण्याची सोय आहे, प्रवासात कुटुंबाचे रकाने ऐकायला ती बरी. पण सलग किती दिवस वाचलं याचा आकडा पडद्यावर दिसू लागला, की माणूस आकड्यासाठी वाचतो. ही सोय बंद करता येत असेल तर करावी. मोबाईलवरच वाचायचं असेल तर आधी विमान मोड लावा.

नव्याने विश्वासात आलेल्यांना चारही रकाने देऊ नयेत. एका वर्षी कुटुंबाचे दोन आणि पुढच्या वर्षी एकांताचे दोन, असं दोन वर्षांत वाटून घ्यावं. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात प्रत्येकी अख्खा नवा करार आणि स्तोत्रं असल्यामुळे दोन्ही वर्षं सुवार्ता हाताशी राहते, आणि रोजचं वाचन दहा मिनिटांवर येतं. घरात एकटेच विश्वासी असाल तर कुटुंबाचे रकाने मंडळीतल्या कोणाबरोबर फोनवर वाचा. चार वेगळ्या पुस्तकांतून एकट्याने उड्या मारताना दुवे निसटतात, दोघांत ते सापडतात. संदर्भाची टिपणं तक्त्यात अजिबात नाहीत, तेव्हा संदेष्ट्यांच्या पुस्तकांसाठी प्रस्तावना असलेली बायबलची प्रत जवळ ठेवावी लागेल. सुरुवातीला 1 जानेवारीची वाट पाहू नका, आजच्या तारखेची ओळ काढा.