नियम नवे, फॉर्म जुना : कोकणातल्या कॉलेजांतून ‘कॅस’ बढतीचं परीक्षण

करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे स्टाफरूममधली ‘कॅस’, ही बढतीची योजना अनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकाला उभ्या नोकरीत जास्तीत जास्त चार वेळा वापरावी लागते. वेतनाच्या स्तर १० वरून ११, मग १२, मग १३-अ म्हणजे सहयोगी प्राध्यापक आणि शेवटी १४, प्राध्यापक. चारच वेळा, पण प्रत्येक वेळी निवृत्तीपर्यंतच्या पगारावर परिणाम होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत ही सेवा कशी चालते, हे इथे तपासलं आहे. नियमांना पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. कॉलेजात हातात पडणाऱ्या फॉर्मला दोनच, आणि वेळापत्रकाला एक.

आधी नियम कुठून आले ते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम १८ जुलै २०१८ चे. त्याच वर्षी २५ सप्टेंबरपासून ‘एमफुक्टो’ या प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाच्या हाकेवरून राज्यभर कामबंद आंदोलन झालं, ऑक्टोबरमध्ये शासनाशी बोलणी होऊन ते मागे घेतलं गेलं आणि ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. संघटना आणि शासन यांच्यात जे ठरतं ते प्राध्यापकापर्यंत पोचायला चार कागद लागतात. पहिला बैठकीचं इतिवृत्त, दुसरा शासन निर्णय, तिसरा विद्यापीठाचं परिपत्रक आणि चौथा कॉलेजच्या आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, वार्षिक स्वमूल्यमापनाचा फॉर्म. इतिवृत्ताच्या जोरावर कुणाची वेतननिश्चिती होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चौथा कागद जुनाच राहिला तर पहिले तीन असून नसल्यासारखे होतात, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

हा फॉर्म जवळून बघू. २०१० च्या नियमांत एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाच्या गुणांची पद्धत होती. अध्यापन, सहशालेय काम आणि संशोधन अशा तीन गटांत गुण मांडायचे आणि किमान बेरीज गाठायची. २०१८ च्या नियमांनी कॉलेजातल्या पहिल्या तीन टप्प्यांसाठी ही बेरीज काढून टाकली. आता वर्षाला दोनच गोष्टी पाहायच्या असतात. एक, नेमून दिलेल्या तासांपैकी किती टक्के घेतले. ८० टक्के किंवा जास्त असतील तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या मध्ये ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. दुसरी, परीक्षेचं काम, एनएसएस, विभागप्रमुखपद, कार्यशाळेचं आयोजन, शोधनिबंध अशा यादीतली कामं. तीन केली तर ‘चांगले’, एक-दोन केली तर ‘समाधानकारक’. दोन्ही मिळून वर्षाची श्रेणी ठरते. इतकं सुटसुटीत आहे.

तरीही अनेक ठिकाणी जुन्याच छापील फॉर्मवर व्हाइटनर मारून वर्ष बदललेलं दिसतं. त्यात एपीआयचे रकाने तसेच, एकूण गुणांची चौकट तशीच, पण टक्केवारीला जागा नाही आणि श्रेणीलाही नाही. मग छाननी समितीतले तज्ज्ञ रकाने पाहून बेरीज करू लागतात आणि किमान गुण किती, असा प्रश्न निघतो. उत्तर नसतं, कारण अशी अटच उरलेली नाही. फाईल ‘त्रुटी’ शेरा घेऊन परत येते आणि दुरुस्तीत एक सत्र जातं. उपाय एका बैठकीचा आहे. आयक्यूएसीने २०१८ च्या नियमांतल्या परिशिष्ट २ चा तक्ता १ जसाच्या तसा मराठीत उतरवून नवा फॉर्म ठरावाने मंजूर करायचा आणि ठरावाचा क्रमांक फॉर्मच्या डोक्यावर छापायचा. मूल्यमापनाच्या काळातली काही वर्षं २०१८ च्या आधीची असतील तर ती जुन्या फॉर्मवर आणि पुढची नव्यावर, अशी वेगवेगळी भरावीत. एकाच फॉर्मवर दोन्ही पद्धती आल्या की गोंधळ हमखास.

टक्केवारीत सगळ्यांत मोठी चूक छेदात होते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वर्षाला ३० आठवडे, म्हणून ४८० तास धरून भागाकार केला जातो. नियमात छेद आहे तो ‘नेमून दिलेले’ तास. वेळापत्रकात तुमच्या नावावर ४२० च तास असतील आणि तुम्ही ३५० घेतले असतील, तर ८३ टक्के होतात, म्हणजे ‘चांगले’. ४८० ने भागलं तर ७३ येतात आणि श्रेणी एक पायरी खाली घसरते. म्हणून प्राचार्यांच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं सत्राचं वेळापत्रक दरवर्षी फॉर्मला जोडलंच पाहिजे. कोकणात याला आणखी एक कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात आणि बुडालेले तास पुढे जादा घेऊन भरून काढले जातात. ते जादा तास दैनंदिनीत तारखेसह नसतील तर हिशेबात येत नाहीत. सुट्टीच्या आदेशाची प्रत आणि भरपाईच्या तासाची नोंद एकाच पानावर लावावी.

नियमातली एक चांगली सोय फारशी कुणी वापरत नाही. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय रजा, अध्ययन रजा किंवा प्रतिनियुक्तीचा काळ मूल्यमापनातून वगळायचा असतो आणि उरलेल्या काळातल्या कामावरून पूर्ण काळाची श्रेणी काढायची असते. सहा महिन्यांच्या प्रसूती रजेमुळे एखादीचं वर्ष ‘असमाधानकारक’ ठरवणं सरळ नियमाविरुद्ध आहे. रजामंजुरीचं पत्र फॉर्मला जोडावं आणि रजेचे तास छेदातून वजा करून दाखवावेत.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. १० वरून ११ ला जाताना २१ दिवसांचा ओरिएंटेशन म्हणजे उद्बोधन वर्ग लागतो आणि त्याशिवाय एक रिफ्रेशर म्हणजे उजळणी वर्ग, किंवा एकेका आठवड्याचे दोन कार्यक्रम, किंवा प्रमाणपत्रासह एक ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन कोर्स. देवगड-मालवणच्या माणसाला मूक कोर्स सोयीचा पडतो, पण परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्र हवं, नुसत्या नावनोंदणीची पावती चालत नाही. नियुक्तीला विद्यापीठाने दिलेल्या मान्यतेचं पत्र फाईलच्या पहिल्या पानांत ठेवावं. ते सापडत नाही म्हणून अडलेल्या फाईली थोड्या नाहीत.

खरी चढण १३-अ वरून १४ ला आहे. तीन वर्षांची सेवा, पीएच.डी., एकूण दहा शोधनिबंध, त्यांतले तीन मूल्यमापनाच्या काळातले, आणि ११० संशोधन गुण. भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य यांना एका निबंधाचे १० गुण, विज्ञानाला ८. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे विज्ञानात ५.६. नुसत्या अशा जोडनिबंधांवर ११० गाठायचे तर वीस निबंध लागतील, नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकाचे (त्यातल्या लेखांचा इतरांनी किती संदर्भ घेतला याच्या मापाचे) जादा गुण मिळाले तर थोडे कमी. तेवढ्यानेही काम होत नाही, कारण गुण संशोधनकामाच्या सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून यायला हवेत. निमंत्रित व्याख्यानं, पेपरवाचन आणि धोरण दस्तऐवज मिळून ३० टक्क्यांच्या वर धरत नाहीत, म्हणजे ११० मध्ये त्यांचे जास्तीत जास्त ३३. निबंधांचा गठ्ठा घेऊन आलेले अनेक जण इथे अडकतात. सुरुवातीपासून एखादं पुस्तक किंवा प्रकरण, एखादा लहान प्रकल्प, जमल्यास पीएच.डी. मार्गदर्शन, असं पसरून ठेवावं. पूर्ण झालेल्या १० लाखांखालच्या प्रकल्पालाही ५ गुण आहेत. मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तिच्या काळातल्या निबंधांसाठी, नियतकालिक तेव्हा यादीत होतं हे दाखवणारी तारखेची प्रिंट हाताशी असेल तर वाद होत नाही.

आता वेळापत्रक. नियम सांगतो की पात्रता तारखेच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि अर्जापासून सहा महिन्यांत प्रक्रिया संपवायची असते. पहिल्याच अर्जात पार पडलात तर बढती पात्रता तारखेपासूनच लागते, समिती केव्हाही बसो. ऐकायला हे दिलाशाचं वाटतं, पण दोन ठिकाणी ते अपुरं पडतं. पहिलं पैशाचं. ५७,७०० मूळ वेतनावर लागलेला पीएच.डी.धारक चार वेतनवाढींनंतर ६४,९०० वर असतो. बढतीत एक वेतनवाढ धरून ६६,८०० आणि तिथून वेतनतक्त्यात स्तर ११ मधली पुढची चौकट ६८,९००. मूळ वेतनात दरमहा ४,००० चा फरक, त्यावर महागाई भत्ता वेगळा. वर्षं गेली की ही थकबाकी साचते आणि निधीच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागतं. दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे. समिती बसते त्या दिवशी अर्जदार सेवेत असावा लागतो. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाची फाईल कपाटात राहिली तर त्याची बढती कायमची जाते. सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, पण ती उलटली तर जबाबदार कोण, हे लिहिलेलं नाही. वेळापत्रकाला एकच गुण दिला तो यासाठी.

कोकणात समिती जुळवणं हे स्वतंत्र काम आहे. छाननी समितीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले दोन विषयतज्ज्ञ असतात. सावंतवाडीच्या कॉलेजात मुंबई-ठाण्याचे तज्ज्ञ येणार म्हणजे रात्रभराची तुतारी किंवा कोकणकन्या, आणि पावसात कोकण रेल्वेचं संथ वेळापत्रक. जून ते सप्टेंबरच्या तारखा घेतल्या की पुढे ढकलल्या जातात, त्यात गणपती असतातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत आणि जवळच्या दोन-तीन कॉलेजांनी एकाच विषयाचे अर्ज एका फेरीत घ्यावेत. तज्ज्ञांचा एकच प्रवास सगळ्यांच्या कामी येतो.

फाईलबद्दल एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या सूचनापत्रांत सापडणार नाही. इथल्या हवेत चार पावसाळे काढलेला कागद वेगळाच दिसतो. स्टेपलरच्या पिना गंजतात, सहीच्या जागेवर तांबूस डाग उतरतो, इंकजेटची शाई पसरते, प्लास्टिकच्या फोल्डरात बुरशी धरते. लेझर प्रिंट, पिनांऐवजी दोरा, दरवर्षीचा संच स्कॅन करून कॉलेजच्या ईमेलवरून स्वतःला पाठवलेला, एवढं पुरतं. ईमेलची तारीख पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. सगळ्या वर्षांचे फॉर्म एकाच पेनने, एकाच दिवशी सही केलेले दिसले की समितीला शंका येते आणि ती रास्त असते.

आयोगाने ६ जानेवारी २०२५ ला नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात संशोधन गुणांऐवजी नऊ प्रकारच्या लक्षणीय योगदानांचा विचार आहे. म्हणजे फॉर्म पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते. संघटनेने पुढच्या बोलण्यांत तीन गोष्टी लेखी मागाव्यात. वार्षिक फॉर्मचा नमुना शासन निर्णयालाच परिशिष्ट म्हणून जोडावा. प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक आणि सहा महिन्यांची अंतिम तारीख लिहिलेली पोच मिळावी. आणि निवृत्तीला अठरा महिने उरलेल्यांच्या फाईली वेगळ्या रंगाच्या कव्हरात, सगळ्यांच्या आधी समितीपुढे जाव्यात.