हिरड्यांसाठी घेतलेला जांभळा दिवा : आठ महिन्यांनंतर, आणि त्या नारिंगी काचेबद्दल

‘फिल्टर कन्झ्युमेबल आहे सर, वॉरंटीत येत नाही.’ दिव्याच्या कंपनीच्या या एका वाक्यामुळे हे लिहायला बसलोय. (फिल्टर म्हणजे दिव्याची नारिंगी काच, कन्झ्युमेबल म्हणजे वापरून झिजणारी वस्तू.) नाहीतर दातांच्या दिव्यावर लिहिण्याइतका रिकामा मी नाही.

405 नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्या उजेडाचा, चार्जिंगचा, आरशासमोर तोंडात धरायचा दिवा. दवाखान्यातल्या मोठ्या कॅमेऱ्याचा हा गरीब भाऊ. घेतला 4,200 रुपयांना. ब्रश करताना थुंकीत रक्त दिसायचं, आणि आमच्या डेंटिस्ट मॅडमनी पडद्यावर माझीच बत्तीशी दाखवली होती : दात हिरवट, आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला विटकरी लाल पट्टा, म्हणजे दातांवर साचलेलं जंतूंचं किटण. स्वतःचं तोंड इतकं घाण आहे हे असं रंगीत कळलं की माणूस खर्च करतो.

पहिला महिना मजेत गेला. बाथरूमचा दिवा बंद करायचा, हा लावायचा, लाल दिसेल तिथे परत ब्रश. लेकीने तो माझ्या नाकावर मारला तर तिथेही नारिंगी ठिपके! तिथल्या जंतूंमध्येही तीच पोर्फिरिनं (जंतू बनवतात ती रंगद्रव्यं) असतात म्हणे, जी किटणात लाल चमकतात. एका रात्री तर दाढांच्या फटीत रक्तासारखं लालभडक दिसलं आणि मी घाबरलो. जेवायला मेथीची भाजी होती. पानातलं हरितद्रव्यही या उजेडात लालच चमकतं. तेव्हापासून पालेभाजीच्या रात्री तपासणी बंद. हळदीचं उलट : ती पिवळी-हिरवी उजळते आणि सगळंच गढूळ दिसतं. आधी खळखळून चूळ भरा, मग बघा. मॅन्युअलमध्ये यातलं काही नाही, लिहिणाऱ्याने वरणभात खाल्लेला नसावा.

आता काच. दिव्याच्या टोकाशी, आपण जिच्यातून बघतो ती नखाएवढी नारिंगी काच बसते (काच कसली, प्लास्टिकच), दोन बारीक आकड्यांवर. गंमत दिव्यात नाही, या काचेत आहे. दातावरून परतणारा जांभळा उजेड इतका प्रखर असतो की मागची फिकी लाल-हिरवी चमक त्यात बुडून जाते. नारिंगी काच जांभळं अडवते आणि चमक तेवढी डोळ्यापर्यंत सोडते. काच नसेल तर हातात उरते ती लग्नाच्या मांडवातली जांभळी लायटिंग. आणि ही काच दर वेळी वाफेने धुरकटते, म्हणून काढून पुसावी लागते, म्हणून आकडा झिजतो. चौथ्या महिन्यात आकडा तुटला. कंपनीला फोन केला. सुटी काच मिळत नाही, पूर्ण हेड घ्या, 1,450 रुपये. पाच फोन, तीन मेल, एक व्हॉट्सॲप व्हिडिओ. शेवटी ते वरचं वाक्य. रोज काढून पुसायची वस्तू दोन केसाएवढ्या आकड्यांवर टांगणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

यादरम्यान दिव्याबद्दलचं माझं मतही बदललं, तेही सांगतो. पहिल्या दोन महिन्यांत लाल बरंच कमी झालं, पण खालच्या दातांमागचा पट्टा हटेना. मी घासतोय, घासतोय. हिरडी सोलवटली. मॅडमकडे गेलो तर त्या म्हणाल्या, ‘‘अहो काका, हा दगड झालाय. ब्रशने नाही निघायचा, स्केलिंगच करावं लागेल.’’ जुनं कडक किटणही लालच दिसतं. मऊ कुठलं आणि दगड कुठला हे दिवा सांगत नाही.

पुढे त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवली. साधारण तीनपर्यंत ठीक, माझ्या मागच्या दाढेला पाच. त्या दाढेवर माझा दिवा महिनाभर स्वच्छ हिरवा दाखवत होता! हिरडीच्या खाली काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. रक्त येतंय का, खाच किती खोल आहे, हाड झिजलंय का, यासाठी सळई आणि एक्स-रे. खोक्यावर ‘गम हेल्थ’ छापलंय ते तेवढं खोडून वाचा.

बरं, ताजं किटणही यात दिसत नाही. सकाळपासून साचलेला मऊ थर चमकत नाही, काही दिवस मुरलेलंच लाल होतं. किटण दिसावं म्हणून चघळायच्या रंगाच्या गोळ्या नवं-जुनं दोन्ही रंगवतात, दोन रंगांच्या असतील तर नवं गुलाबी आणि जुनं निळं. आमच्या जवळच्या दुकानात ती दहा रुपयांना एक पडते. 4,200 ला किती गोळ्या येतात हा हिशोब हिने मला जेवताना करून दाखवला, उत्तर 420. रोज तर कुणी खात नाही, आठवड्याला एक धरली तर आठ वर्षं.

तरी दिवा विकलेला नाही. गोळीने ओठ-जीभ तासभर रंगतात, ऑफिसला जाता येत नाही. दिवा दोन मिनिटांत होतो. आणि मुरलेलं लाल दिसलं की मी कुठे टाळाटाळ करतो ते नेमकं कळतं : उजव्या हाताने घासणाऱ्या माझ्यासारख्याचा उजवाच सुळा, आणि वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू. स्केलिंगनंतर, आणि फटीत घालायच्या छोट्या ब्रशमुळे, रक्त थांबलं. श्रेय ब्रशला, दिव्याला फारतर चुगलीचं.

फोटो काढून तुलना करणार असाल तर फोनचं ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप बदलणारी सोय) बंद करा, नाहीतर परवाचं लाल आज नारिंगी होतं आणि उगाच सुधारणा झाल्यासारखी वाटते. उजेड डोळ्यात जाऊ देऊ नका, विशेषतः पोरांच्या.

काचेचं असं झालं : नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे नारिंगी ॲक्रिलिकचे तुकडे पडलेले होते. पिवळा चालला नाही, लाल फार गडद, तिसरा गर्द नारिंगी नेमका बसला. त्याने मापात कापून दिला, तीस रुपये, वर चहा पाजला. रबरबँडने बांधलाय. परवा कंपनीतून फोन आला, सर, सुटे फिल्टर आलेत, 350 अधिक कुरिअर. मी म्हटलं, रबरबँड पाठवा.