धनादेश वटण्याआधीच पैसे पाठवले

मी शिल्पकार आहे. मातीचे शिल्प घडवायला वेळ लागतो, पैसे फारसे लागत नाहीत. पण तेच ब्राँझमध्ये ओतायचे म्हटले की मेण, साचे, धातू आणि भट्टी या सगळ्यांसाठी आगाऊ रक्कम मोजावी लागते. सात आकृत्यांच्या एका शिल्पसमूहासाठी मी प्रायोजक शोधू लागलो आणि ११ कंपन्यांना प्रस्ताव पाठवले. नऊ ठिकाणांहून उत्तरच आले नाही, दोघांनी नम्रपणे नकार कळवला. अशा वेळी एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ‘कला साहाय्य विभागा’कडून ईमेल आला. त्या समूहाकडे मी प्रस्ताव पाठवलेलाच नव्हता आणि हे मला खटकायला हवे होते. पण आपले काम कोणीतरी आपणहून पाहिले, याच आनंदात मी होतो.

ईमेल लिहिणाऱ्या गृहस्थाने तिसऱ्या आकृतीच्या वळलेल्या मानेविषयी दोन परिच्छेद लिहिले होते. खरे सांगायचे तर मी तिथेच फसलो, पैशांचे पुढचे सारे केवळ उपचार होते. ती वाक्ये माझ्याच संकेतस्थळावरच्या टिपणातून शब्द फिरवून उचललेली होती, हे पुढे कळले.

चौथ्या दिवशी पूर्ण रक्कम मंजूर झाली. मुळात प्रायोजकत्वाचा पैसा बहुधा जाहिरात आणि जनसंपर्काच्या वार्षिक अंदाजपत्रकातून येतो. त्यामुळे खरी कंपनी प्रदर्शन कुठे आहे, किती लोक येतील, आमचे नाव कुठे झळकेल आणि काम रखडल्यास काय, हे आधी विचारते; करार विधी विभाग वाचतो, पैसे हप्त्यांनी मिळतात आणि या सगळ्यात आठवडे, कधी महिने जातात. मला यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. त्यांना हवा होता फक्त माझा बँक खात्याचा तपशील.

धनादेश आला तो ठरलेल्या रकमेपेक्षा बराच मोठा होता. सोबतच्या पत्रात म्हटले होते की, जादा रक्कम वाहतूक आणि मांडणी करणाऱ्या संस्थेची असून ती मी तीन दिवसांत त्या संस्थेच्या खात्यात वळती करावी. धनादेश मी भरला आणि दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसली. अनेक बँका धनादेश प्रत्यक्ष वटण्याआधीच रक्कम तात्पुरती जमा दाखवतात आणि तो परत आला तर ती पुन्हा वजा करतात, हे मला ठाऊक नव्हते. मी जादा रक्कम पाठवली. नऊ दिवसांनी धनादेश बनावट असल्याच्या शेऱ्यासह परत आला. खात्यातली जमा गेली, आणि मी पाठवलेले पैसे मात्र माझे स्वतःचे होते. ओतकामासाठी साठवलेले.

त्यानंतर मी त्या उद्योगसमूहाच्या मुख्य कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून फोन केला. असा विभागच तिथे नव्हता. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे एक जोडरेघ आणि ‘आर्ट्स’ हा शब्द होता, शेवटी ‘डॉट ऑर्ग’. या शेवटाचा पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो, त्यासाठी संस्था असावी लागत नाही. अशा पत्त्याची, म्हणजे डोमेनची, नोंदणी कधी झाली, हे इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या शोधसुविधेवर कोणालाही फुकट पाहता येते. मी पाहिले तेव्हा ते डोमेन मला ईमेल येण्याच्या अवघ्या १९ दिवस आधी नोंदवलेले निघाले. ही तपासणी दोन मिनिटांची होती.

बँकेला आणि पोलिसांना मी त्याच आठवड्यात कळवले, परंतु पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. महिन्याभराने एका माणसाचा फोन आला. माझी रक्कम सापडली आहे, ती सोडवून देण्यासाठी थोडे शुल्क आधी भरावे लागेल, असे तो अत्यंत आदबीने सांगत होता. फसलेल्यांची नावे पुढे विकली जातात, असे पोलिसांनी मला आधीच बजावले होते, म्हणून त्याचा क्रमांक लिहून घेऊन मी तो त्यांच्याकडे दिला.