पेठांमधला वॉक: ४०० रुपयांत खुन्या मुरलीधर ते शनिवारवाडा

रविवारी सकाळी साडेसहाला, माणशी ४०० रुपये भरून, आपल्याच पुण्यात पायी हिंडायचं म्हटल्यावर घरात भरपूर टिंगल झाली. मी कोथरूडची, पेठेत येणं म्हणजे तुळशीबाग नाहीतर लक्ष्मी रोड, बाकी काही माहीत नाही. सोबत मावशीला घेतलं, ती सदाशिव पेठेत वाढलेली, आणि दहा मिनिटांतच लक्षात आलं की आज गाईड मुलाची काही खैर नाही.

सुरुवातच खुन्या मुरलीधरापाशी. तो तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "द्रविड बंधूंना इथेच मारलं ना, म्हणून खुन्या." तो शांतपणे म्हणाला, "काकू, ते १८९९ चं. चापेकरांची माहिती फोडली म्हणून झालं आणि जवळच झालं, त्यामुळे बरेच जण असंच समजतात, पण नाव जुनं आहे." मग त्याने सांगितलं की सावकार दादा गद्र्यांनी १७९७ च्या सुमाराला देऊळ बांधलं, मूर्ती इतकी देखणी की म्हणे दुसऱ्या बाजीरावालाच ती हवीशी झाली, म्हणून गद्र्यांनी घाईघाईने प्रतिष्ठापना उरकली आणि दारातच पहाऱ्यावरचे अरब आणि पेशव्यांची पलटण यांची जुंपली, माणसं पडली. मावशी गप्प. हे मी आयुष्यात फार कमी वेळा बघितलंय.

या पोराचं मला हेच आवडलं, कुठलं कागदोपत्री आणि कुठलं "असं म्हणतात" ते तो वेगळं सांगतो. भिकारदास मारुतीचा भिकाऱ्याशी काही संबंध नाही, ते सावकाराचं नाव. जिलब्या मारुतीच्या शेजारी म्हणे हलवाई होता, तो देवाला जिलब्यांची माळ घालायचा. डुल्या मारुतीपर्यंत काही गेलो नाही, पण पानिपतच्या बातमीने तो दुःखाने डोलला ही गोष्ट चालता चालता सांगून झाली.

आणि बाहुलीचा हौद. फरासखान्यापाशी, शंभर वेळा तिथे रिक्षा शोधलीये मी, मला वाटायचं बाहुल्यांचं दुकान वगैरे असणार कधीतरी. बाहुली म्हणजे डॉ. विश्राम घोल्यांची लेक काशी, तिचं लाडाचं नाव (घोले रोड यांच्याच नावाचा, हेही आत्ता कळलं). घोले जोतिराव फुल्यांचे सहकारी, मुलीला शिकवत होते, ते नात्यातल्या लोकांना खपलं नाही आणि लाडवातून काच खायला घातली असं सांगतात. १८७७ ला गेली, आठेक वर्षांची होती. तिच्या आठवणीत वडिलांनी हौद बांधला, सगळ्या जातींना खुला, आणि १८८० ला तो उघडायला स्वतः फुले आले. सगळा ग्रुप गप्प झाला, आणि शेजारी बसवाला मात्र बेंबीच्या देठापासून हॉर्न मारतोय.

यानंतर शनिवारवाड्यावर मात्र माती खाल्ली. तिथे दुसरा माणूस आला, त्याने ब्लूटूथ स्पीकरवर चक्क रेकॉर्ड केलेलं "काका मला वाचवा" लावलं, सकाळी नऊला, उन्हात! नारायणराव १७७३ मध्ये गारद्यांच्या हातून गेला तेव्हा जेमतेम अठराचा होता, "ध चा मा" आहे, रामशास्त्री आहेत, एवढा माल हाताशी असताना पौर्णिमेच्या रात्रीचं भूत कशाला हवंय? लहान मुलं तेवढी खूश झाली.

बाकी तक्रारी: बावीस जण आणि माईक नाही, मागच्यांना ट्रॅफिकमध्ये काहीही ऐकू येत नाही. बाथरूमची सोय विचारूच नका. सारखं देवळात शिरायचं असतं तेव्हा लेसचे शूज घालून जाऊ नका, मी गेले होते.

पाचपैकी चार. उपाशी विठोबा वेळ संपला म्हणून राहिला, तो दाखवायचं मावशीने मुलाकडून कबूल करून घेतलंय आणि पुढच्या महिन्याचं बुकिंगही केलंय. एकटीचंच. मला विचारलंसुद्धा नाही.